व्यंकटीभाऊंची आखूड रांग

आमच्या संस्थेच्या जंगलातल्या फोनबद्दल मी निवृत्तीनंतर बरीच वर्षं जिथं बोलावतील तिथं बोलत आलो. नागपूरला बोललो, वर्ध्याला बोललो, एकदा मुंबईलाही बोललो. प्रत्येक ठिकाणी माझी दोन वाक्यं ठरलेली असायची. एक, जंगलातली माणसं मुळातच अबोल, त्यामुळं फोन त्यांच्या अंगवळणी पडला नाही. दुसरं, तरीही त्या फोनमुळं कोसमटोल्याची एक मुलगी नर्स झाली. दोन्ही वाक्यांना माना डोलायच्या. दोन्ही वाक्यं खोटी आहेत. खरं काय ते सांगायचं तर व्यंकटी दुर्गम या माणसाबद्दल सांगावं लागेल, आणि त्यांचं नाव मी त्या भाषणांत एकदाही घेतलं नाही.

व्यंकटीभाऊ सिरोंच्याचे. उंच, सावळे, आणि कपड्यांच्या बाबतीत रोज नवरदेव. आमचं ऑफिस चंद्रपुरात घुग्घुस रोडला होतं. समोरून दिवसभर कोळशाचे ट्रक जायचे, खिडकीच्या गजावर बोट फिरवलं तर काळं व्हायचं. अशा जागी हा माणूस पांढरा शुभ्र शर्ट घालून यायचा आणि संध्याकाळी तसाच पांढरा शर्ट घेऊन घरी जायचा. कसं जमतं, असं कोणी विचारलं तर म्हणायचे, "धुळीले समजते जी, कोनावर बसाव अन् कोनावर नाई."

शिक्षण वरंगलला झालेलं, इंजिनिअरचं. घरात तेलुगू, शाळेत मराठी, बाजारात हिंदी. तिन्ही भाषा त्यांच्या एका वाक्यात सुखानं नांदायच्या. नम्रपणा मात्र औषधालाही नव्हता. "आपल्यासारखा रेडिओवाला नागपूरपर्यंत भेटनार नाई," हे ते पहिल्या भेटीतच सांगून टाकायचे, आणि समोरच्यानं मान हलवली नाही तर दुसऱ्यांदा सांगायचे.

उशीर त्यांना सोसत नसे. चहावाल्या पोचम्मानं चहा गार आणला की परत. "उशिरा आलेला चहा म्हंजे रंगीत पानी, बाई." पोचम्मा त्यांना त्यांच्याच तेलुगूत दोन ठेवणीतल्या शिव्या द्यायची, मग दोघं हसायची. बोलतानाही तेच. समोरचा वाक्याच्या मध्यावर असायचा आणि यांचं उत्तर आलेलं असायचं. "समजलं जी, पुढं बोला." मला त्याचा राग यायचा. मी वयानं मोठा, हुद्द्यानं मोठा, आणि वाक्य पुरं करायची मला सवय होती.

मी टपाल खात्यातून आलेला माणूस. सगळी नोकरी तिथं झाली आणि मग या संस्थेनं मला व्यवस्थापक म्हणून बोलावलं. दोन हजार चार-पाचचा तो सुमार. संस्थेचं काम आलापल्लीच्या पुढं, जंगलातल्या गावांत. तिथं कोसमटोल्याला आमचं लहानसं आरोग्य केंद्र होतं. त्या गावांतली मुलं-मुली शिकायला चंद्रपुरात राहायची. घरच्यांशी बोलायचं तर दिवाळीची वाट पाहायची. म्हणून आम्ही बिनतारी फोन उभा केला. टेकड्यांवर टॉवर बांधायचे, एका टॉवरनं दुसऱ्याकडं आवाज फेकायचा, असं करत चंद्रपूरहून कोसमटोल्यापर्यंत. हे सगळं व्यंकटीभाऊंचं डोकं.

त्यांनी मला ते समजावलं तो दिवस आठवतो. आवाजाचे बारीक तुकडे होतात, प्रत्येक तुकड्याचं एक पाकीट. त्याच वाटेनं आरोग्य केंद्रातून जखमांचे आणि एक्स-रेचे फोटो चंद्रपूरच्या डॉक्टरांकडं यायचे, त्यांचीही पाकिटं. पुढची वाट मोकळी नसली की पाकिटं टॉवरवरच्या यंत्रात रांगेनं उभी राहतात. रांग किती लांब होऊ द्यायची ते आपण ठरवायचं. रांग भरली की त्यानंतर आलेलं पाकीट यंत्र टाकून देतं.

टाकून देतं हे ऐकलं आणि मी खुर्चीत ताठ झालो.

"टाकून देतं म्हणजे?"

"फेकते जी."

"मग रांग लांबात लांब ठेवा. एकही पाकीट फेकलं जाता कामा नये."

माझ्या जन्मभराच्या नोकरीचं सार त्या एका वाक्यात होतं. टपालात पत्र उशिरा पोचलं तर माणसं कुरकुर करतात आणि विसरतात. हरवलं तर पाप लागतं. नाल्याचं पाणी उतरेपर्यंत टपालाची थैली उशाशी घेऊन काठावर पडून राहिलेली माणसं मी पाहिली होती. थैली दोन दिवस उशिरा यायची, पण पुरी यायची. मी त्या माणसांच्या पाठीवर हात ठेवलेला होता.

व्यंकटीभाऊंनी त्यावर मला त्यांच्या बापाची गोष्ट सांगितली. बापाचा प्राणहिता नदीवर डोंगा होता, माणसं पार नेणारी लाकडी होडी.

"पानी चढलं का डोंगा हळू चालते सर. फेऱ्या कमी होतात. तवा माहा बाप घाटावर गर्दी जमूच देत नव्हता. तुम्ही इतके थांबा, बाकीचे घरी जा, जेवा, उद्या या. लोक शिव्या देत. बाजूच्या घाटावरचा डोंगेवाला कोनालेच नाई म्हनत नव्हता. सगळ्यायले उभं करून ठेवायचा. लोक त्याले देवमानूस म्हनत. अन् त्याच्या घाटावर बाळंतीन बाई, लग्नाचं वऱ्हाड, सगळे उन्हात तासन् तास उभे."

"उभे राहिले, पण पोचले ना?"

"पोचले जी. वऱ्हाड पोचलं तवा मांडव उतरला होता."

"आणि ज्यांना तुमच्या वडिलांनी परत पाठवलं ते?"

"ते उद्या आले. फोटोचं पाकीट फेकलं का कोसमटोल्याचं यंत्र आपोआप पुन्हा पाठवते. आपल्याले सांगावंबी लागत नाई. हरवत काहीच नाई."

"आणि बोलण्याचं पाकीट?"

"ते पडलं तं एखादं अक्षर खरखरते. मानूस समजून घेते. उशीर समजून घेत नाई."

वाद मी जिंकला. म्हणजे साहेब मी होतो. रांग लांब ठेवली गेली.

उन्हाळ्यात फोन सुरू झाला आणि माझंच खरं ठरल्यासारखं वाटलं. आवाज स्वच्छ. व्यंकटीभाऊ प्रत्येक नव्या माणसाला फोनवर बसवून त्याच्याशी आळीपाळीनं आकडे म्हणायचे: ते एक, समोरचा दोन, ते तीन, समोरचा चार. आकडे भराभर पुढं गेले की उशीर नाही असं समजायचं. म्हातारी माणसंही त्या खेळाला हसायची. मी व्यंकटीभाऊंना म्हटलं, "बघा, उगाच घाबरवत होता."

"सर," ते म्हणाले, "साग उघडा हाय अजून."

तेव्हा मला कळलं नाही. पावसाळा लागला आणि कळलं. आमचे टॉवर बुटके. एका टॉवरची नजर दुसऱ्याकडं जायची ती सागाच्या शेंड्यांना घासून. उन्हाळ्यात साग निष्पर्ण, वाट मोकळी. पावसात त्याला सुपाएवढी पानं आली, ती ओली झाली, आणि त्या पानांतून जाताना आमच्या वाटेचा वेग पार बसला. रांग तेवढीच लांब, पण आता सरकणारी मुंगीच्या पावलानं. त्यातून रविवारी डॉक्टरांना सवड, म्हणून फोटो रविवारी. आणि मुलामुलींचं बोलणंही रविवारीच. बोलण्याची पाकिटं फोटोंच्या मागं उभी.

सुनंदा तेव्हा आमच्या समोरच्या नर्सिंगच्या वसतिगृहात होती. वर्षभरापूर्वी कोसमटोल्याहून आलेली. तिची माय, पार्बताबाई, गावच्या तलावावर मासे धरणारी. बाप नव्हता. घरी काका होता, आणि पोरगी परत आणून तिचं लग्न उरकावं असं त्याचं म्हणणं होतं. पार्बताबाईंनी त्याला थोपवून धरलं होतं.

एका रविवारी सुनंदा आमच्या ऑफिसातून मायशी बोलून गेली. तीन-चार दिवसांनी पार्बताबाई स्वतः दारात हजर. भिजलेली छत्री, सुकटीचं गाठोडं, मागं काका.

"पोट्टीले घेऊन जाऊन राह्यलो," त्या म्हणाल्या. "तुमाले सांगून जाव म्हनलं."

"काय झालं बाई?" मी विचारलं.

"तिले तरास हाय अथी. तिनं सोता सांगतलं."

सुनंदाला बोलावलं. ती बिचारी गोंधळून गेली. "मी कवा सांगतलं माय?"

"मी इचारलं तुले, कोनी तरास देते का म्हनून. तू हो म्हनली. हो म्हनली का नाई, बोल?"

"मी असं कायले म्हनू?"

"आता फिरते बघा. भेव घातलं असंल कोनी."

काका म्हणाला, "मी तं पयलेच म्हनत होतो, वयनी."

मी समजुतीचं काहीतरी बोलू लागलो. व्यंकटीभाऊंनी मला नेहमीप्रमाणं मध्येच तोडलं.

"बाई, तुम्ही त्याच्या आंधी काय इचारलं होतं पोरीले?"

पार्बताबाई आठवू लागल्या. "जेवन बरोबर भेटते का म्हनलं होतं."

"मंग? काय म्हनली?"

"काहीच नाई. गपच. म्हनून तं मले शंका आली. वाट पाह्यली, पाह्यली, अन् मंग तरासाचं इचारलं. तवा लगेच हो म्हनली."

व्यंकटीभाऊ मोठ्यांदा हसले आणि एकदम थांबले. कोड्याचं उत्तर त्यांना सापडलं होतं, आणि ते हसण्यासारखं नव्हतं.

त्या भागात बोलण्याची एक रीत आहे. मोठं माणूस बोलत असलं की धाकट्यानं मध्ये तोंड घालायचं नाही. फक्त हूं, हो, हूं असा हुंकारा द्यायचा. हुंकारा आला की बोलणारा पुढं जातो. नाही आला तर तो थांबतो. आम्ही ऑफिसातली माणसं तोच फोन तपासताना एकमेकांच्या बोलण्यावर बोलत होतो, त्यामुळं उशीर आमच्या फारसा लक्षात आला नव्हता. पार्बताबाई मात्र हुंकाऱ्यासाठी थांबल्या. तो वाटेत फोटोंच्या मागं उभा होता. त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, आणि पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला येऊन चिकटलं.

हे पार्बताबाईंना तोंडी सांगून पटलं नसतं. व्यंकटीभाऊंनी त्यांना आतल्या खोलीत बसवलं, सुनंदाला बाहेरच्या खोलीत.

"मी बोलन्याचं पाकीट होतो. सर, तुम्ही फोटो व्हा."

"मी?"

"हो जी. दारात उभे राहा. हलू नका."

मी दारात उभा राहिलो. पार्बताबाईंनी आतून विचारलं, जेवण भेटते का. व्यंकटीभाऊ ते घेऊन धावत बाहेर गेले, सुनंदाचं 'हो' घेऊन धावत आले आणि माझ्या पाठीशी येऊन थांबले. मी हलायचं नव्हतं. आत पार्बताबाई वाट पाहत बसलेल्या. अखेर त्यांना राहवलं नाही. "अवो, कोनी तरास देते का तिले?" तेवढ्यात व्यंकटीभाऊंनी मला बाजूला ढकललं आणि आत जाऊन ओरडले, "हो!"

पार्बताबाई डोळे मोठे करून पाहत राहिल्या. मग पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की खोकला लागला. "अगा बाप्पा! हे असं हाय होय! अन् हे साहेब कायले मधात उभे?"

"तेच तं मीबी इचारून राह्यलो बाई, दोन महिन्यापासून," व्यंकटीभाऊ म्हणाले.

काकाचा चेहरा उतरला. पार्बताबाईंनी सुकटीचं गाठोडं सोडून व्यंकटीभाऊंच्या टेबलावर ठेवलं आणि जाता जाता अट घातली. "पोट्टी राहू द्या. पन दर आइतवारी तिचा आवाज मले आला पाह्यजे. असा शिळा नाई, ताजा. तो आला तं मी याले आवरीन. नाई आला तं पोट्टी घरी."

त्या आठवड्यात व्यंकटीभाऊंनी रांग आखूड केली. नुसती आखूड केली नाही. लांबी ठरवून ठेवली तर उन्हाळ्यात एक न्याय आणि पावसाळ्यात दुसरा, कारण वाटेचा वेगच बदलतो. म्हणून त्यांनी एक छोटा प्रोग्राम लिहिला. रांगेत कितीजण उभे आहेत ते यंत्रानं मोजायचं नाही, प्रत्येकजण किती वेळ उभा आहे ते बघायचं. फार वेळ ताटकळलेलं पाकीट फेकायचं. वाट मोकळी असली की रांग आपोआप मोठी, वाट तुंबली की आपोआप लहान. "शिळं ते फेका, ताजं ते पाठवा," असं ते म्हणायचे. एखादं स्वयंपाकघर लावून द्यावं तसं त्यांनी ते लावून दिलं.

पुढच्या की त्याच्या पुढच्या रविवारी ते माझ्या खोलीत धावत आले.

"सर, भांडून राह्यल्या! चला, चला, भांडून राह्यल्या!"

"कोण?"

"मायलेकी जी!"

फोनवर सुनंदा लालबुंद होऊन बोलत होती. तिनं केस कापले होते आणि ते कोणीतरी गावात सांगितलं होतं. "कोनं सांगतलं तुले? कोनं? नाई, आंधी नाव सांग!" पलीकडून पार्बताबाईंचा आवाज खोलीभर येत होता. दोघी एकमेकींचं वाक्य तोडत होत्या, एकीचं दुसरीवर चढत होतं, हुंकाऱ्याची रीत केव्हाच गुंडाळून ठेवली होती. व्यंकटीभाऊ दाराला टेकून उभे राहून ते गाण्यासारखं ऐकत होते. "उशीर असला तं मानूस भांडू शकत नाई सर. फक्त गप राहू शकते." मग त्यांनी पोचम्माकडून सगळ्यांना भजी मागवली, आणि ती गरम आली म्हणून पुन्हा एकदा मागवली.

ते दिवस मला अजून आठवतात. म्हणजे नुसते आठवत नाहीत, हवेसे वाटतात. रविवारी दुपारी आमच्या व्हरांड्यात मुलं रांग लावायची, आणि पलीकडं कोसमटोल्याच्या केंद्रावर चार गावांची माणसं यायची. एका आजोबांनी नातवाला फोनवर अख्खी गोष्ट सांगितली होती, राजाची आणि मगरीची. नातू हूं हूं करत होता आणि प्रत्येक हूं जागेवर पडत होता. शेवटी मगरीनं राजाला सोडलं तेव्हा बाहेर व्हरांड्यात बसलेल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. अबोल! मी या माणसांना अबोल म्हणत फिरलो.

पावसाळा सरत आला होता तेव्हा नागपूरहून पाहणीला मंडळी आली. योजनेला पाठबळ देणारी. कॉम्प्युटरच्या पडद्यावर फेकलेल्या पाकिटांचा आकडा लाल अक्षरांत दिसायचा, आणि आता तो मोठा होता. त्यांच्यातल्या एका गृहस्थांनी चष्मा वर करून विचारलं, "एवढी गळती?"

व्यंकटीभाऊ सांगू लागले, "गळती नाई जी, ते आपन मुद्दाम..."

"बघून घेतो आम्ही," मी म्हणालो. त्यांचं वाक्य मी तोडलं. तेवढं एकदाच.

मला लाज वाटली होती. फाटकी थैली घेऊन साहेबापुढं उभा राहिलेला पोस्टमास्तर मी पाहिला होता. तसं मला वाटलं. मंडळी गेल्यावर मी व्यंकटीभाऊंना रांग पूर्वीसारखी करायला सांगितलं.

"सर, साग अजून पानावर हाय."

"फोटोंचा एक तुकडा फेकला जातो हे मी कोणाला कसं समजावू?"

"मी समजावतो. मले पाठवा नागपूरले."

"व्यंकटी, मी सांगतो ते करा."

ते खुर्ची मागं सारून उठले. "माह्या हातानं होत नाई जी. तुम्ही करा. कुठचा आकडा बदलवायचा ते सांगतो." त्यांनी मला त्यांच्या खुर्चीत बसवलं. कुठं काय लिहायचं ते एकेक करून सांगितलं, शांतपणे, मास्तर लहान मुलाला सांगतात तसं. त्यांचा प्रोग्राम मी बंद केला. आकडा मी टाकला. तो माझ्या बोटांनी टाकला, हे इथं लिहून ठेवतो.

"टपालात तुम्ही मोठे होते सर, मान्य," ते म्हणाले. "पन हे टपाल नोहे."

पडद्यावरचा लाल आकडा खाली आला. फोनवरची माणसं गप्प होऊ लागली. आधी आजोबा यायचे थांबले. मग व्हरांड्यातली गर्दी विरळ झाली. सुनंदा दर रविवारी यायची, फोन कानाला लावून बसायची. "मी बोलते सर, पन माय गपच राह्यते. मंग दोघीबी बोलतो, मंग दोघीबी गप." व्यंकटीभाऊ त्या वेळी ऑफिसात थांबत नसत. समोरच्या रस्त्यावर जाऊन उभे राहत. मी त्यांना खिडकीतून पाहत असे आणि मनात म्हणत असे, पावसाळा संपला की सगळं ठीक होईल.

पण तेवढा धीर पार्बताबाईंच्या घरात कोणाला नव्हता. एका सकाळी काका एकटाच आला आणि सुनंदाला घेऊन गेला. पार्बताबाईंनी निरोप दिला होता: फोन तर दुरुस्त झाला, तरी पोट्टी आता बोलत नाही, शहरात राहून तिला आमची लाज वाटते, तेव्हा शिक्षण पुरे. या वेळी तिनं हो म्हटल्याचा संशय नव्हता. नुसतं काही न म्हटल्याचा होता, आणि त्यावर कोणाचं काही चालेना.

व्यंकटीभाऊंनी त्याच दिवशी टॉवरच्या किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवल्या. मी म्हटलं, "अहो, एवढं काय त्यात?" ते तोवर दाराबाहेर पडले होते. मी समजलो की ते सिरोंच्याला घरी गेले. आमच्या कागदोपत्री "स्वेच्छेनं काम सोडलं" असं मीच लिहिलं.

ते घरी गेले नव्हते. आलापल्लीपर्यंत बसनं आणि पुढं मिळेल तसं, ते कोसमटोल्याला गेले होते. हे मला सुनंदानं नंतर सांगितलं. पांढरा शर्ट चिखलानं भरलेला, हातात चपला, असे ते तलावाच्या पाळीवर पार्बताबाईंपुढं जाऊन उभे राहिले. त्या जाळं झटकत होत्या. त्यांनी वर पाहिलंच नाही.

"बाई, पोट्टी बोलत होती," ते म्हणाले. "दर आइतवारी बोलत होती. उशीर यंत्रात होता. अन् यंत्रात तो मी टाकला. पोरीनं नाई टाकला."

"तुमी? पयले तं तुमीच काढला होता ना?"

"मीच काढला, मीच टाकला. माही चूक झाली."

पार्बताबाईंनी जाळं खाली ठेवलं. "म्हंजे पोट्टी बोलते. पन पोचत नाई. एवढंच होय का?"

"एवढंच होय, बाई."

"मंग असं सांगाव ना बाप्पा," पार्बताबाई म्हणाल्या. "पोचत नाई त्याचं काही नाई. तिच्या बापाचंबी आता पोचत नाई. पोट्टी बोलते ना? मंग राहू द्या तिले तथी."

काकानं बरंच आकांडतांडव केलं. पार्बताबाईंनी त्याच्याकडं पाठ करून सुनंदाची ट्रंक भरली.

काही वर्षांनी मी कोसमटोल्याला गेलो होतो. सुनंदा तेव्हा तिथल्याच केंद्रावर नर्स होती. फोन केव्हाच बंद झाला होता. माणसं येईनात म्हणून आम्हीच तो गुंडाळला होता. पार्बताबाईंनी मला मासे रांधून घातले आणि व्यंकटीभाऊंची आठवण काढली. "तुमचा तो मानूस कामात कच्चा होता साहेब, पन खरा होता. चूक केली तं येऊन सांगतली." मी घास गिळला आणि हूं म्हटलं. जागेवर पडलेला हुंकारा. पार्बताबाई पुढं बोलत राहिल्या.

आता पार्बताबाई नाहीत. व्यंकटीभाऊ कुठं असतात हे मला माहीत नाही. सिरोंच्याला चौकशी केली तर कोणी म्हणालं करीमनगरला असतात, कोणी म्हणालं हैदराबादला. नातवंडं फोनवर दूरदेशी बोलतात, मध्येच चित्र थिजतं, दोन्हीकडं 'ऐकू येतंय का' सुरू होतं, आणि मला खांद्यामागून कोणीतरी बोलावं असं वाटतं, की सर, रांग लांब झाली जी, शिळं फेका. तसा तोडून टाकणारा आवाज माझ्या आयुष्यात नंतर आला नाही. सगळे माझं वाक्य पुरं होऊ देतात. वय झालं की देतातच.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते कोसमटोल्याहून परत आले त्या दिवशी. दुपारची वेळ. मी ऑफिसच्या फाटकाशी उभा होतो. रस्त्यापलीकडं वसतिगृहापाशी एक रिक्षा थांबली. आधी सुनंदा उतरली, मग पार्बताबाई, मग ते. सुनंदाची पत्र्याची ट्रंक त्यांच्या खांद्यावर. शर्ट पांढरा राहिला नव्हता. तिघंही एकदम बोलत होती. कोण कोणाचं ऐकत होतं देव जाणे. ट्रंक खाली ठेवताना त्यांची नजर माझ्याकडं गेली.

मला वाटलं, ते आत निघून जातील. ते रस्त्याच्या कडेपर्यंत आले.

"सर, पोट्टी आली!" त्यांनी ओरडून सांगितलं. "येता का इकडं?"

रस्ता ओलांडायला मला किती वेळ लागला असता? चार पावलं. पण जाऊन काय म्हणायचं ते मी जुळवू लागलो. चूक माझी होती असं म्हणायचं, की चला परत कामावर असं म्हणायचं, की आधी नुसतं बसायचं आणि मग म्हणायचं. ते कडेला उभे होते. डोळ्यांवर हात धरून, मान पुढं काढून, माझ्याकडं पाहत. घाई करत नव्हते. मी हात वर केला, तेवढ्यात घुग्घुसकडून कोळशाचे ट्रक आले, एकामागं एक, मधे फट न ठेवता. ते गेल्यावर बराच वेळ रस्त्यावर धूळ होती. ती खाली बसली तेव्हा पलीकडं ते नव्हते, रिक्षा नव्हती, ट्रंक नव्हती, आणि वसतिगृहाचं फाटक लागलेलं होतं.